लॉनमधला मोथा, वाफ्यातली हरळी अन् प्लॉटवरचा कुंदा

मृगाचे दोन पाऊस काय पडले, पत्रांचा ढीगच येऊन पडला, अन् सगळ्यांत एकच वाक्य, ‘ताई, बागेत गवत लय माजलं, औषध सांगा’. आता नुसतं गवत म्हटल्यावर मी काय सांगणार, कारण ज्याला आपण गवत म्हणतो त्यातलं अर्धं तर गवतच नसतं, अन् जे असतं त्याचं खरं शरीर जमिनीखाली असतं, ते पाहिल्याशिवाय इलाज सांगणं म्हणजे पेशंट न पाहता गोळी देणं. म्हणून ज्यांनी मुळासकट उपटून फोटो पाठवले त्यांचे प्रश्न आधी घेते आहे. बाकीच्यांनी कृपा करून एक झाड सब्बलीनं वीतभर खोल खणून काढा, पाण्यात धुवा, पेपरवर ठेवून फोटो काढा अन् परत पाठवा.

प्रश्न : नमस्कार ताई. मनीषनगरात आमचं रो-हाऊस आहे. समोर ४०० स्क्वेअर फुटाचं मेक्सिकन लॉन मागच्या वर्षी जुलैमध्ये टाकलं, मातीची ट्रॉली पण नर्सरीवाल्यानंच आणून पसरवून दिली. दिवाळीपर्यंत छान होतं. आता त्यात चकचकीत गडद हिरवी पाती उभी राहून राहिली, लॉन कापलं की तिसऱ्या दिवशी ती पुन्हा बोटभर वर. माळी दर रविवारी उपटून जातो पण उपटलं तिथं एकाचे तीन होतात. शेजारचे काका म्हणतात मिठाचं पाणी टाक. टाकू का? (एक वाचक ताई, मनीषनगर)

उत्तर : मीठ अजिबात टाकू नका ताई, आधी हे सांगून ठेवते. आपली काळी माती मुळातच चिकट, त्यात मिठातलं सोडियम गेलं की मातीचे कण सुटे होऊन गाळासारखे बसतात, पाणी खाली मुरत नाही, वाळली की सिमेंट. मोथा त्यातही जगेल, लॉन मरेल.

हो, तुमच्या फोटोतला हा मोथा आहे, कुणी लव्हाळा म्हणतं, कुणी नागरमोथा. दिवाळीच्या उटण्यात जो सुवासिक नागरमोथा असतो तो याच्याच गाठींचा, अन् अत्तरवाले याचं तेल काढतात. गाठ नखानं चिरून नाकाशी धरा, लगेच ओळखाल. हे गवत नाही. देठ दोन बोटांत धरून फिरवा, तीन कडा लागतील, गवताचा देठ गोल किंवा चपटा असतो अन् त्याला पेरं असतात, याला पेरं नाही. पानं पण तीन दिशांना निघतात. ही खूण एकदा बोटांना कळली की आयुष्यभर चुकत नाही, म्हणून माळीदादांनाही नक्की दाखवा.

आता उपटल्यावर एकाचे तीन का होतात ते पहा. खाली गाठींची माळ असते, एका दोऱ्यात मणी ओवल्यासारखी, अन् वरची गाठ जिवंत असेपर्यंत खालच्या झोपून राहतात. तुम्ही उपटता तेव्हा शेंडा हातात येतो, माळ तुटते, अन् झोपलेल्या गाठी जाग्या होऊन प्रत्येकीचा वेगळा कोंब निघतो. म्हणजे माळीदादा मेहनत करतात पण चार-दोन वेळा वरवर उपटून मध्येच थांबणं म्हणजे पेरणीच झाली.

मग करायचं काय. बहुतेक गाठी वरच्या अर्ध्या फुटात असतात. लॉनमध्ये तुरळक जागी असेल तर लांब अरुंद खुरपं किंवा जुना मोठा स्क्रू-ड्रायव्हर घ्या, झाडाच्या बाजूनं सरळ खाली घाला, मातीचा पेढा उचलून गाठीसकट बाहेर काढा. पाऊस पडून गेल्यावर माती वाफशावर आली की हे काम करा, चिखलात नको अन् कडक मातीतही नको. जिथं दाट आहे तिथं खणून लॉनचं वाटोळं होईल, तिथं दुसरा मार्ग, कोंब वर आला की दोन आठवड्यांच्या आत जमिनीलगत कापायचा किंवा उपटायचा, प्रत्येक वेळी, एकही पाळी न चुकवता. कारण नवीन कोंब सुरुवातीला जुन्या गाठीतलं जेवण खातो, अन् तीन-चार आठवड्यांनी पानांनी कमावलेलं खाली पाठवून नवीन गाठी करायला लागतो. त्याच्या आधीच पानं काढत गेलात तर गाठ नुसती खर्चच करते. एक पावसाळा लागेल, दाट असेल तर दोन. तीन पाळ्या केल्या अन् चौथी चुकवली तर पुन्हा पहिल्यापासून.

पाणी पण पहा. मोथ्याला ओल लय आवडते. नागपुरात लोक लॉनला रोज संध्याकाळी पाइप लावून सोडतात, जानेवारीत सुद्धा. हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा पुरतं, भरपूर द्या पण मध्ये माती वरून सुकू द्या. अन् लॉन एकदम टक्कल कापू नका, दीड इंच ठेवा, उन्हाळ्यात थोडं जास्तच. मोथ्याला सावली सोसत नाही, दाट लॉन हीच त्याची सावली.

औषधाचं विचारलं म्हणून सांगते. हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल नावाचं तणनाशक आहे, उसातल्या मोथ्यासाठी कृषी केंद्रात मिळतं, ते मोथ्याच्या गाठीपर्यंत जातं अन् मेक्सिकन किंवा हरळीच्या लॉनला सहसा मारत नाही. पण हिशोब करा. एका एकराला ते चाळीस ग्रॅमच्या आतच लागतं, एकर म्हणजे ४३,५६० स्क्वेअर फूट, तुमचं लॉन ४०० फूट, म्हणजे एकराचा शंभरावा भाग पण नाही. अर्धा ग्रॅमसुद्धा भरत नाही. ते घरी कोणत्या काट्यावर मोजणार? हात सैल पडला की दहापट जातं, मग लॉनही जळतं अन् ते मातीत पण राहतं. ४०० फुटासाठी मी हे सांगणार नाही, खुरपंच सांगेन.

एक शेवटचं, ती मातीची ट्रॉली. मोथा तुमच्याकडे वाऱ्यानं नाही आला, तो ट्रॉलीत बसून आला. माझ्या स्वतःच्या अंगणात असंच झालं होतं, एका ओळखीच्या माणसाकडून शेतातली गाळाची माती घेतली, स्वस्तात मिळाली म्हणून खुश होते, अन् त्यानंतर चार वर्षं मी त्या गाठी वेचत होते. आता माती घेताना ट्रॉलीतून दोन घमेली बाजूला काढते, पाणी मारून आठ-दहा दिवस उन्हात ठेवते, कोंब आले तर ती ट्रॉली परत. माणूस नाराज होतो, होऊ द्या.

प्रश्न : गुलाबाच्या वाफ्यात हरळी घुसली आहे. मुळं गुलाबाच्या मुळात गुंतली, ओढली की गुलाबच हलतो. वाफ्याच्या शेजारीच लॉन आहे, सिलेक्शन नंबर वन. (एक काका, त्रिमूर्तीनगर)

उत्तर : काका, तुमचं सिलेक्शन वन म्हणजे हरळीचीच निवडलेली जात आहे, म्हणजे चोर घरातलाच आहे. ती वरून पण पळते, प्रत्येक पेराला मूळ धरत, अन् खालून पण पांढऱ्या टोकदार मुळकांड्यांनी पळते. म्हणून नुसतं वाफा साफ करून उपयोग नाही, आधी लॉन अन् वाफ्याच्या मध्ये कुंपण घाला. विटा उभ्या गाडा किंवा जाड पत्र्याची पट्टी, आठ इंच तरी खाली अन् दोन इंच वर. वरून उडी मारणारे धागे मात्र तरी येतातच, दर रविवारी कडेकडेनं विळा फिरवून कापून घ्यायचे, दहा मिनिटांचं काम आहे.

गुलाबाच्या बुडातली आत्ता ओढू नका. थंडीत गुलाबाची छाटणी करता ना ऑक्टोबरच्या सुमारास, त्या वेळी बुडाभोवती माती उकरून मुळं उघडी पाडतोच आपण, तेव्हा काटेरी पंजानं हरळीच्या कांड्या एकेक सोडवून काढा. फावडं चालवू नका, एक कांडी कापली की दोन झाली. तोपर्यंत वरची पानं फक्त कापत रहा म्हणजे ती कमजोर राहील. हरळीला मोथ्यापेक्षाही सावलीची भीती जास्त, झाडाखाली ती कधी दाट होत नाही पहा. म्हणून साफ केल्यावर वाफा उघडा ठेवू नका. सोयाबीनचं कुटार म्हणजे मळणीनंतरचा भुसा, वाळका पालापाचोळा, चार बोटं जाड पसरा, बुडापासून थोडं लांब. कुटारात पण तणाचं बी येतं कधी कधी, पण ते बियांचं तण असतं, चिमटीनं निघतं, हरळीसारखं नाही. मोथा असता तर मात्र कुटार टाका असं मी म्हटलं नसतं, तो कुटारातून, पुठ्ठ्यातून, अन् काळ्या मल्चिंग पेपरमधून पण सुईसारखा भोक पाडून वर येतो.

प्रश्न : फरशीच्या फटीतलं गवत कसं घालवू? (धरमपेठ)

उत्तर : उकळतं पाणी. भाताची पेज, बटाट्याचं उकडलेलं पाणी, काहीही चालेल, मीठ नसलेलं. तीन-चार वेळा आठवड्याच्या अंतरानं. मग जुन्या चाकूनं फट खरवडून कोरडी रेती ठासून भरा. व्हिनेगर नका वापरू, घरातलं व्हिनेगर नुसतं पान जाळतं, मूळ तसंच राहतं अन् फरशीचा पॉलिश जातो तो वेगळा. मुलांना लांब ठेवून करा.

प्रश्न : बेसा रोडला ३००० फुटाचा प्लॉट आहे, घर दोन वर्षांनी बांधणार आहे, तोपर्यंत भाजीपाला लावावा म्हणून ट्रॅक्टरवाल्याकडून दोनदा रोटाव्हेटर मारला. आधी कोपऱ्यात कुंदा होता, आता पूर्ण प्लॉटवर झाला. काहून असं झालं? राउंडअप मारू का? (एक निवृत्त वाचक)

उत्तर : काहून झालं ते रोटाव्हेटरला विचारा काका. कुंदा हे गवत आपल्या काळ्या मातीचं जुनं रहिवासी आहे, विदर्भातल्या कोणत्याही म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारा, कुंदा म्हटलं की तो कपाळाला हात लावतो. याचे जाड मुळखंड काळ्या मातीत दीड-दोन फूट खाली जातात, उन्हाळ्यात भेगा पडतात ना, त्यांच्याही खाली ओल धरून बसतात. रोटाव्हेटरनं वरचे पाच-सहा इंच बारीक केले, प्रत्येक तुकड्याला डोळा, अन् चाकांनी ते तुकडे पूर्ण प्लॉटभर वाटून दिले. याच कारणासाठी हरळी, कुंदा असलेल्या जमिनीत रोटाव्हेटर मारू नका असं मी दरवर्षी लिहिते.

या पावसाळ्यात फार काही होणार नाही, खणायला गेलात तर चिखल होईल. आत्ता फक्त एक करा, त्याला फुलू देऊ नका, दर पंधरा-वीस दिवसांनी जमिनीलगत कापा. मोकळ्या जागेत ताग दाट फेकून द्या, बोरू म्हणतात तोच, नेहमीपेक्षा दुप्पट बी. दीड महिन्यात तो माणसाच्या कमरेच्या वर जातो अन् खाली अंधार करतो. फुलं येण्याच्या आधी कापून तिथंच पाडा, जमिनीला खत होईल.

खरं काम एप्रिल-मेमध्ये. मार्चच्या शेवटी एकदा पाणी द्या, माती वाफशावर आली की मजूर लावून कुदळ-सब्बलीनं फूटभर तरी खणून घ्या, ढेकळं फोडू नका, उलटी करून तशीच उन्हात पडू द्या. नागपूरचं ऊन ४५ डिग्रीच्या वर जातं, आपण त्याला शिव्या देतो, पण मेअखेरच्या नवतप्यात ते कुंद्याच्या मुळखंडाला वाळवून काडी करतं, एक पैसा न घेता. जी मुळं दिसतील ती वेचून ढीग करा. पुरू नका, जाळू नका, टिनाच्या पत्र्यावर टाकून वाळवा. पहिल्या पावसानंतर जे कोंब येतील ते राहिलेले तुकडे, त्यांच्या मागे लागून सब्बलीनं काढा, या वेळी थोडे असतील. मजुरी लागेल, मला माहिती आहे, पण पुढच्या मजुरीपेक्षा कमी लागेल.

राउंडअपचं. त्यात ग्लायफोसेट असतं, ते जे हिरवं दिसेल ते मारतं. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये आदेश काढला की ग्लायफोसेट फक्त कीड नियंत्रण करणाऱ्या परवानाधारक ऑपरेटरनंच वापरावं. तेव्हा दुकानातून डबा आणून घरच्या पंपानं मारू नका. करायचंच असेल तर परवाना असलेल्या माणसाकडून, अन् ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, कुंदा जोमात वाढत असताना, कारण तेव्हा पान अन्न खाली पाठवत असतं अन् त्याच्यासोबत औषध पण खाली जातं. मे महिन्यात सुकलेल्या कुंद्यावर मारलं तर पैसे वाया. अन् शेजारच्या प्लॉटवर कुणाची भाजी असेल तर मी तर मारूच नका म्हणेन.

प्रश्न : माझा भाऊ काटोलकडे सोयाबीन करतो, त्याच्याकडे तणनाशक उरलं आहे, एक बाटली टर्गा सुपर अन् एक टू फोर डी. दोन्ही घरच्या बागेत मारली तर चालेल का? टू फोर डी हरळीवर मारून पाहिलं, काही झालं नाही. (हिंगणा रोड)

उत्तर : नाही होणार ताई. टू फोर डी रुंद पानाच्या तणावर काम करतं, गवताला त्याचा काही फरक पडत नाही. पण तुमच्या घरच्या टोमॅटोला, गुलाबाला, भेंडीला पडतो, नुसत्या वाफेनं, वाऱ्यानं सुद्धा. कापसाच्या पट्ट्यात शेजाऱ्यानं टू फोर डी मारलं अन् आपल्या पऱ्हाटीची पानं भेंडीच्या पानासारखी फाटली ही तक्रार दरवर्षी असते. ती बाटली घरात आणूच नका.

टर्गा सुपर म्हणजे क्विझालोफॉप. ते उलटं आहे, गवताला मारतं, रुंद पानाच्या पिकाला नाही, म्हणून सोयाबीनमध्ये चालतं. हरळी त्यानं पिवळी पडते, दबते, पण एका फवाऱ्यात मुळासकट जात नाही. मोथ्यावर तर शून्य, कारण मोथा गवत नाही हे वर सांगितलंच. अन् लॉन पण गवतच आहे हे विसरू नका, गवती चहा पण गवत, मका गवत, ऊस गवत, बांबू गवत. गेल्या वर्षी एका वाचकानं वाफ्यातल्या हरळीवर मारलं अन् कडेचा सगळा गवती चहा गेला, त्यांच्या आईनं वीस वर्षं जपलेला होता. पत्र वाचून मलाच वाईट वाटलं.

मग घरच्या भाजीच्या वाफ्यात मारायचं का? मी नाही म्हणते. बाटलीवर ज्या पिकांची नावं लिहिली आहेत तीच, अन् पालक-मेथी त्यात नाही. शिवाय २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी अन् शेतमजूर गेले, ते आपल्याच भागातलं आहे, अजून विसरता येत नाही. ती कीटकनाशकं होती, तणनाशक नव्हतं, पण हातात मोजे नाहीत, तोंडाला फडकं, भर उन्हात पंप पाठीवर, हे चित्र तेच. भावाला सांगा, उरलेली बाटली मूळ डब्यात, कुलपात, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवायची, पाण्याच्या बाटलीत कधीच ओतायची नाही. अन् पॅराक्वाट नावाचं तणनाशक असेल तर आणखी सांभाळा, त्यावर उतारा औषध नाही.

प्रश्न : सोसायटीच्या गार्डनमध्ये मुलं क्रिकेट खेळतात तिथं लॉन गेलं अन् चपटं, जमिनीला चिकटलेलं, मधोमध पांढरट गवत आलं. पायानं तुडवलं तरी मरत नाही. (वर्धा रोड)

उत्तर : ही रान नाचणी, आपल्या नाचणीचं रानटी भावंड. मधला पांढरा चपटा गड्डा हीच खूण. ती दाबलेल्या, कडक मातीतच येते, जिथं लॉनची मुळं श्वास घेऊ शकत नाहीत. म्हणजे हे तण नाही, तक्रार आहे जमिनीची. ती वर्षायू असते, बियांवर जगते, त्यामुळे हे सगळ्यांत सोपं गवत आहे. पाऊस पडून गेला की गड्ड्याखाली खुरपं घालून एका झटक्यात निघते. पण पोळ्याच्या आत काढा, नंतर तुरे येऊन बी सांडतं, मग पुढच्या वर्षीची सोय झाली. काढलेल्या जागी लोखंडी काट्यानं वीतभर खोल भोकं पाडा, चार-चार बोटांवर, त्यात रेती अन् गाळलेलं शेणखत झाडूनं ढकला. शेणखत पूर्ण कुजलेलं पाहिजे, वास येत असेल तर नाही, कच्च्या शेणखतात जनावराच्या पोटातून आलेलं तणाचं बी जिवंत असतं.

अन् मुलांना क्रिकेट बंद करू नका प्लीज. पिच दर पंधरा दिवसांनी सरकवा, किंवा तेवढा पट्टा मुरमाचाच करून द्या.

प्रश्न : प्लास्टिक टाकून माती तापवायची पद्धत तुम्ही मागे सांगितली होती, मी आत्ता काळं प्लास्टिक टाकलं, खाली तर गवत वाढूनच राहिलं. (जरीपटका)

उत्तर : भाऊ, दोन गोष्टी चुकल्या. एक, महिना चुकला, आता ढगाळ आहे, ऊन नाही. दोन, प्लास्टिक पारदर्शक पाहिजे, काळं नाही. काळं स्वतः तापतं, पारदर्शक प्लास्टिक मात्र उन्हातल्या बंद काचेच्या गाडीसारखं आतल्या मातीला तापवतं. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास वाफा सपाट करा, ढेकळं फोडा, भरपूर पाणी द्या कारण ओल्या मातीत उष्णता खोल जाते अन् ओलं बी लवकर मरतं, मग पातळ पारदर्शक प्लास्टिक मातीला चिकटून ताणून टाका, चारही कडा मातीत गाडा, कुठूनही वारा शिरता कामा नये. भोक पडलं तर टेप लावा. पाच-सहा आठवडे तसंच ठेवा, मृग लागायच्या आधी काढा. वरच्या दोन-तीन इंचात पन्नाशीच्या पुढे तापमान जातं. रान नाचणी, सावा, केना, घोळ, गाजर गवत यांचं बी बरंचसं यातच संपतं. त्यानंतर माती खोल उलटू नका, नाहीतर खालचं थंड बी वर येईल. मोथा अन् कुंदा मात्र यानं पूर्ण जात नाहीत, खोल असतात, फक्त दबतात, तेव्हा आधी खणून वेचा, मग प्लास्टिक. आत्ताचं काळं प्लास्टिक वाया नाही गेलं, असू द्या, अंधारानं हरळी अशक्त होईल, दसऱ्याला काढा.

जाता जाता केन्याचं. दोन पत्रांत त्याला ‘रुंद पानाचं गवत’ म्हटलं आहे, निळ्या फुलाचं. तो पण गवत नाही, अन् त्याची एक गंमत आहे, तो वर निळी फुलं देतो अन् मातीच्या आत पण पांढुरकी बंद फुलं देतो, तिथंच बी धरतो. म्हणून वरून तोडला की झालं असं नाही, बुडासकट काढायचा. अन् उपटून वाफ्याच्या कडेला टाकू नका, ओल्यात पेराला मूळ फुटतं. कोवळा असेल अन् कुठलंही औषध मारलेलं नसेल तर भाजी करा, आमच्याकडे श्रावणात व्हायची.

उपटलेल्या तणाचं काय करायचं हे तर जवळपास सगळ्यांनीच विचारलं. कंपोस्टच्या टाक्यात मोथा, हरळी, कुंदा टाकू नका, घरच्या टाक्यात तेवढी उष्णता होत नाही, ती तिथं मजेत वाढतात. गच्चीच्या स्लॅबवर पसरा. उन्हाळ्यात दोन आठवड्यांत मोथ्याची गाठ वाळून सुरकुतते, नखानं दाबली की आतून पांढरी-ओली न दिसता तपकिरी कोरडी दिसली पाहिजे, मगच टाका. पावसाळ्यात पोत्यात भरून तोंड बांधून कोपऱ्यात ठेवा, पोतं काळं असेल तर चांगलं. ज्यांना तण ओळखूच येत नाही त्यांनी मुळासकट नमुना घेऊन महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयात जावं, १९०६ पासूनचं कॉलेज आहे, तिथं तणाचा अभ्यास केलेली माणसं आहेत, लाजू नका विचारायला.

प्रश्न : काकू, आमच्या लॉनवर मागच्या आठवड्यात माळ्यानं तणनाशक मारलं, नाव त्याला पण माहीत नाही. गणपतीला दरवर्षी याच लॉनमधल्या दुर्वा घेतो. सासूबाई म्हणतात गणपतीला अजून वेळ आहे, पावसानं धुवून जाईल. घेऊ का? (महाल)

उत्तर : घेऊ नका ताई, या वर्षी नाही. नाव माहीत नसलेलं औषध, ते किती दिवस पानात राहतं हे कुणीच सांगू शकत नाही, अन् दुर्वा तुम्ही हातानं खुडता, एकवीसची जुडी करता, घरातली पोरं त्याच हातानं मोदक खातात. गायीला, बकरीला, सशाला पण या लॉनचं गवत कापून घालू नका, मांजर असेल तर तिला तिकडे सोडू नका, मांजरी गवत खातात. आधी माळीदादांना सांगा की पुढच्या वेळी बाटली तुमच्यासमोर उघडायची अन् लेबल तुम्ही वाचल्यावरच.

सासूबाईंना दुसरी सोय करून द्या. हरळी, जिच्यामागे हा अख्खा अंक मी तुम्हाला पळवलं, तीच दुर्वा. औषध न मारलेल्या ठिकाणाहून, शेजारच्या अंगणातून म्हणा, तिचे चार-पाच पेरांचे तुकडे आणा अन् एका पसरट कुंडीत आडवे दाबा, रोज पाणी, पूर्ण ऊन, पंधरा दिवसांत हिरवी होते, गणपतीपर्यंत जुड्यांपुरती नक्की होईल. फक्त कुंडी थेट मातीवर ठेवू नका, खाली ताटली ठेवा अन् ताटली विटांवर, नाहीतर भोकातून खाली उतरून ती पुन्हा तुमच्या वाफ्यात जाईल.